वन्संची बॅग आणि माल्टाचे दगड

निघायच्या आदल्या रात्री, डोंबिवलीत

तुपाची बरणी मी वन्संच्या बॅगेतून तीनदा बाहेर काढली आणि त्यांनी ती चार वेळा आत ठेवली. शेवटी ह्यांनी मध्ये पडून सांगितलं, "ताई, दूधदुभतं आणि मांसाचं काहीही बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. विमानतळावर सापडलं तर सरळ टोपलीत जाईल." टोपलीत तूप जाणार हे ऐकल्यावर मात्र वन्संनी स्वतःच्या हातानं बरणी फडताळात परत ठेवली. पेढ्यांचा पुडाही गेला. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि राजगिऱ्याचे लाडू राहिले, आणि ते पुढं देवासारखे उपयोगी पडले.

आम्ही तिघं. मी, हे, आणि ह्यांच्या थोरल्या बहीण. वय 68, उजवा गुडघा कुरकुरणारा, बाकी उत्साह आमच्या दुप्पट. भूमध्य समुद्रातलं एखादं बेट बघायचं ठरल्यावर माल्टा निवडलं, कारण तिथं इंग्रजी सगळ्यांना येतं आणि देश केवढासा! मुख्य बेटाची लांबी 27 किलोमीटर, म्हणजे डोंबिवलीहून घाटकोपरला जाण्याएवढी. मला वाटलं, एवढ्याशा बेटावर पाय कितीसे दुखणार!

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. माल्टाला शेंगेन व्हिसा लागतो. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा. हॉटेलची आणि परतीच्या तिकिटाची छापील प्रत हाताशी ठेवा, आम्हाला उतरल्यावर खिडकीवर विचारली. गोळ्या मूळ पाकिटातच आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्याव्या.

पहिला दिवस, बुधवार

दुबईमार्गे गेलो. वाटेत सायप्रसला लार्नाकात विमान तासभर थांबतं, काही लोक उतरतात, काही चढतात. अगदी एसटीसारखं.

विमानतळाबाहेरून एक्स-टू नंबरची बस थेट स्लीमाला, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या गावाला, जाते. बसबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. थांब्यावर नुसतं उभं राहिलात तर बस निघून जाते, हात दाखवावा लागतो. आणि भरलेली बस हात दाखवूनही थांबत नाही, त्यामुळे शक्यतो जिथून सुटते तिथूनच चढावं. वाहनं डावीकडून चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आपली मान आपोआप बरोबर बाजूला वळते.

स्लीमात बसमधून उतरून घरापर्यंत पाच मिनिटांची वाट. फूटपाथ उंचसखल, मध्येच पायऱ्या. तिसऱ्या पायरीला आमच्या सगळ्यात मोठ्या बॅगेचं एक चाक निखळून गडगडत उतारावरून खाली गेलं, आणि हे त्याच्या मागे. जुन्या घरातलं भाड्याचं बिऱ्हाड होतं, दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की बॅग आडवी धरता येईना. ठरवताना मी खोलीतून समुद्र दिसतो का ते विचारलं होतं, लिफ्ट आहे का ते विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा. आणि तिघांनी मिळून एक अजस्र बॅग नेण्यापेक्षा प्रत्येकाची एकेक लहान बॅग न्या, जी स्वतःची स्वतःला उचलता येईल.

खरा घोटाळा रात्री कळला. "युरोपला चाललोय" म्हणून ह्यांनी दोन गोल पिनांचे तीन अ‍ॅडॉप्टर घेतले होते. भिंतीवर बघतो तर तीन चौकोनी भोकं! माल्टा 1964 पर्यंत इंग्रजांकडे होतं, त्यामुळे प्लग अजून इंग्लंडचाच. भाच्यानं दुबईहून आणलेला अगदी तस्साच अ‍ॅडॉप्टर डोंबिवलीत टीव्हीमागे पडलेला होता. वरच्या भोकात काडी घालून खाली दोन पिना कोंबायचा आपला जुना उद्योग ह्यांनी सुरू केला, तेव्हा वन्संनी त्यांचा हातच धरला. "परक्या गावात झटका बसला तर तो विमा काढलायस तो बघू कसा असतो?" कोपऱ्यावरच्या दुकानात पाच युरोला अ‍ॅडॉप्टर मिळाला. साडेचारशे रुपये.

दुसरा दिवस, गुरुवार

घटस्थापना. वन्सं उठता-बसता उपास करतात, त्यामुळे आज राजगिऱ्याचे लाडू आणि फळं. घट त्यांच्या पुतण्याकडे बसतात म्हणून तर त्या येऊ शकल्या. द्राक्षं, अंजिरं, डाळिंबं सगळं मिळालं. फड्या निवडुंगाची लाल-पिवळी बोंडंही इथं सोलून खातात. ती उपासाला चालतात का, यावर घरी व्हॉट्सअ‍ॅपवर तासभर चर्चा झाली. निर्णय लागेपर्यंत वन्संनी दोन खाल्ली होती.

राजधानी व्हॅलेटा. स्लीमाहून समोरासमोर होडी जाते, दहा मिनिटं सुद्धा लागत नाहीत, आणि पाण्यातून दिसणारं ते पिवळ्या दगडाचं गाव पाहून माणूस गप्पच होतो. पण होडीतून उतरलं की शहरात शिरायला उभा चढ. दुखऱ्या गुडघ्याला जपायचं तर बसनं शहराच्या वेशीपाशी उतरावं. तिथून मुख्य रस्ता बराचसा सपाट आहे. दुसऱ्या अंगाला अप्पर बराक्का बाग आणि खालचं मोठं बंदर यांच्यामध्ये लिफ्ट आहे, 58 मीटर उंचीची. हे आम्हाला संध्याकाळी कळलं. सकाळी वन्सं दर दहा पावलांनी भिंतीला टेकत चढल्या होत्या.

इथला दगड म्हणजे मऊ चुनखडी. शतकानुशतकं चालून चालून पायऱ्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्यात, आणि मध्यभागी खोलगट. माझ्या नव्या कोऱ्या फॅशनच्या चपलेनं दोनदा दगा दिला. पाण्याकाठी जायचं म्हणून आम्ही तिघांनीही स्लिपर आणि सपाता भरल्या होत्या. चांगल्या तळाचे, पायात आधीच रुळलेले बूट हे माल्टाच्या बॅगेतलं पहिलं सामान आहे, बाकी सगळं त्यानंतर.

सेंट जॉन को-कॅथीड्रल या मोठ्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत, कारण जमीन म्हणजे पूर्वी इथं राज्य करणाऱ्या सेंट जॉन पंथाच्या सरदारांच्या चारएकशे रंगीत संगमरवरी समाध्या आहेत. आम्ही दोघी पंजाबी ड्रेसमध्ये, काही प्रश्न नाही. हे मात्र गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत. माझी ओढणी लुंगीसारखी कमरेला गुंडाळून ते आत आले आणि कॅराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराच्या चित्रासमोर त्याच अवतारात अर्धा तास उभे राहिले. संत जॉनच्या शिरच्छेदाचं ते चित्र 1608 चं. त्यानं सही केलेलं हे एकच चित्र, आणि सही कुठे, तर गळ्यातून सांडलेल्या रक्तात. मला चित्रातलं फारसं कळत नाही. पण त्यातली ती म्हातारी स्वतःचं डोकं दोन्ही हातांनी धरून उभी आहे ना, ती अजून डोळ्यांसमोरून जात नाही. एक ओढणी किंवा पातळ सुती शाल सतत जवळ असू द्या. पुढच्या सहा दिवसांत आमची ओढणी लुंगी, डोक्यावरची सावली, बोटीवरचा मफलर आणि एकदा टेबलक्लॉथ झाली.

बाराला बराक्का बागेखाली तोफ उडते. त्या बंदराकडे बघताना ह्यांनी सांगितलं की 1878 साली रशियाशी युद्ध होईलसं वाटलं तेव्हा इंग्रजांनी मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी सैनिक याच बेटावर आणून उतरवले होते. मे महिन्यात. वन्सं म्हणाल्या, "मे महिन्यात? त्या बिचाऱ्यांना टोप्या तरी दिल्या होत्या का?" आमच्या टोप्या दोनदा वाऱ्यानं उडाल्या होत्या, म्हणून त्यांना हा प्रश्न सुचला असावा. हनुवटीखाली बांधायची नाडी असलेलीच टोपी घ्या.

तिसरा दिवस, शुक्रवार

पाओलातलं हायपोजिअम. जमिनीखाली खडक कोरून केलेलं पाच हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थान, 1902 मध्ये घर बांधताना सापडलं. आतली हवा बिघडू नये म्हणून तासाला दहाच माणसं सोडतात. तिकीट आम्ही जुलैतच काढलं होतं. तुम्ही विमानाचं तिकीट काढलंत की लगेच याचं काढा. पिशव्या आणि फोन बाहेर ठेवावे लागतात, फोटो नाहीत. आत काय बघितलं ते मला सांगता येणार नाही. अंधार, गेरूनं काढलेली वेटोळी आणि आपलाच श्वास.

संध्याकाळी स्लीमाला समुद्रस्नान. समुद्र म्हटलं की आपल्या डोक्यात अलिबाग येतं, वाळू येते. त्या भरवशावर मी चटई आणि तीन जाडजूड टॉवेल आणले होते. इथं किनारा म्हणजे बहुतेक ठिकाणी सपाट खडक, आणि पाण्यात उतरायला लोखंडी शिडी, विहिरीला असते तशी. वाळूचे किनारे आहेत, मेल्लीहाला आणि गोल्डन बेला, पण ते उत्तरेकडे. खडकांना शेवाळ असतं आणि खाचांमध्ये काटेरी समुद्री साळू. त्यामुळे रबरी तळाचे पाण्यात घालायचे बूट हवेतच. आमच्याकडे नव्हते, ते दुसऱ्या दिवशी घेतले.

बायकांसाठी एक खास सूचना. कोकणात आपण सलवार-कमीज घालून लाटांत बसतो ते इथं चालणार नाही. कुणी हसत नाही, पण भिजलेला सुती कपडा घेऊन शिडी चढणं अशक्य होतं. मी नायलॉनची लेगिंग आणि लांब बाह्यांचा टीशर्ट डोंबिवलीहूनच आणला होता. वन्सं काठावर पाय सोडून बसल्या. पाणी ऑक्टोबरात कोमट नसलं तरी अंगाला बोचत नाही, आणि इतकं खारट की हात-पाय न हलवता तरंगता येतं. टॉवेल पातळ, पटकन वाळणारा न्या. माझे जाड टॉवेल तीन दिवस गॅलरीत ओलेच होते.

चौथा दिवस, शनिवार

गोझो. माल्टाच्या वायव्येला लहान बेट. स्लीमाहून 222 नंबरची बस चिरकेव्वा धक्क्यावर नेते, तिथून मोठी फेरीबोट, 25 मिनिटं. गंमत अशी की जाताना तिकीट कुणी मागतच नाही. पैसे परत येताना गोझोच्या धक्क्यावर द्यायचे. ह्यांना हा हिशोब फार आवडला. वन्सं म्हणाल्या, "गेलेला माणूस परत येणारच, हे ह्यांना ठाऊक आहे." बोटीच्या वरच्या मजल्यावर वारा बोचरा. ऑक्टोबर असला तरी एक पातळ जाकीट हवंच.

शाऱ्यात जिगान्तियाची देवळं. इजिप्तच्या पिरॅमिडपेक्षा जुनी, साधारण ख्रिस्तपूर्व 3600 च्या सुमाराची. दगड एवढे मोठे की एका राक्षसिणीनं पाठीवर पोर घेऊन ते वाहिले असं गोझोचे लोक सांगतात. त्या भागात सावली नाही. दुपारी अकरा ते तीन ही जागा टाळा, आणि पाण्याची बाटली भरून न्या.

पाण्याचं इथंच सांगून टाकते. बेटावर नदी नाही, नळाचं बरंचसं पाणी समुद्राचं गोडं केलेलं. पिता येतं, पण चव मचूळ, आणि चहा त्यात लागत नाही. म्हणून सगळे बाटल्या घेतात. प्रत्येक बाटलीवर दहा सेंट अनामत असते, रिकामी बाटली सुपरमार्केटच्या बाहेरच्या यंत्रात टाकली की त्याचं कुपन मिळतं. बाटली चेपायची नाही, यंत्र घेत नाही. वन्संना हे कळल्यापासून आमच्या बिऱ्हाडात भंगारवाल्यासारख्या रिकाम्या बाटल्या रचल्या जाऊ लागल्या.

द्वेय्राला समुद्रात उभी असलेली दगडी कमान पोस्टकार्डांवर अजून दिसते. प्रत्यक्षात ती 8 मार्च 2017 च्या वादळात कोसळली. आम्ही तिकडे गेलोच नाही. त्याऐवजी टॅक्सी करून मार्साल्फोर्नच्या पुढे श्वेय्नीला गेलो, आणि त्या दिवसाचं सार्थक झालं.

तिथं किनाऱ्याच्या खडकात कोरलेली मिठागरं आहेत. बुद्धिबळाच्या पटासारखे शेकडो उथळ चौकोन, थेट लाटांच्या तोंडाशी. हे आणि वन्सं मूळचे उरणचे. लहानपणी मिठागराच्या बांधावरून शाळेत गेलेली माणसं. वन्संचा गुडघा तिथं दुखायचाच थांबला. त्या वाकून वाकून वाफे बघत होत्या. "आपल्याकडे चिखल पायानं तुडवून तुडवून वाफा बसवायचा, दर वर्षी. ह्यांचं बरंय, एकदा कोरलं की पिढ्यान् पिढ्या." हंगाम उन्हाळ्याचा, त्यामुळे ऑक्टोबरात काम संपत आलेलं. शेजारच्या गुहेसारख्या खोलीत एक आजोबा मिठाच्या पिशव्या विकत बसले होते. वन्संनी मिठाचा खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि मराठीत त्यांना सांगितलं, "चांगलंय हो. उरणचं जरा कडक असतं." आजोबांनी मान डोलावली. दोन पिशव्या घेतल्या. मीठ दोन किलो, आणि चाक नसलेली बॅग माझ्याकडे.

पाचवा दिवस, रविवार

मार्साश्लोकचा रविवारचा बाजार. माल्टी भाषा अरबी कुळातली, पण लिपी रोमन. मार्सा म्हणजे बंदर, श्लोक म्हणजे आग्नेयेकडून येणारा वारा. वन्संना हे फार पटलं. वाऱ्याला श्लोक म्हणणारे लोक बरे असणार, असं त्यांचं मत झालं. पाणी म्हणजे इल्मा, धन्यवाद म्हणजे ग्रात्सी. एवढं बोललं तरी दुकानदार खुलतात.

बंदरात निळ्या-पिवळ्या होड्या, प्रत्येकीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन डोळे रंगवलेले. खाली मासळी. आम्ही शाकाहारी, आमचं जेवण म्हणजे पास्तित्सी. पापुद्र्याची करंजी समजा, आत एक तर रिकोटा चीज किंवा मटार. मटारची खाल्लीत तर आपली मटार करंजी आठवेल, फक्त खोबरं नाही. पण विचारून घ्या, काही ठिकाणी पिठात डुकराची चरबी घालतात. टोमॅटो चोळलेल्या पावाच्या सँडविचमध्ये न सांगता ट्यूना मासा असतो, तेव्हा "ब्ला टोन", म्हणजे ट्यूनाशिवाय, असं म्हणा. खजूर भरून तळलेली इमारेत मात्र डोळे मिटून खा, बडीशेपेच्या वासाची. बिजिल्ला नावाची वालासारख्या शेंगेची लसूण घातलेली चटणी पाव आणि मेतकुटासोबत आम्ही रोज खाल्ली. हे मिश्रण माल्टात आमच्याआधी कुणी केलं नसावं.

दुपारी श्लोक खरंच सुटला.

सहावा दिवस, सोमवार

कोमिनो बेटाच्या निळ्या खाडीत जायचं ठरलं होतं. वाऱ्यामुळे बोट रद्द. बोटीचे पैसे आधीच भरले होते, ते परत मिळवायला आमच्या एजंटकडे चार फोन आणि दोन भांडणं झाली. बेटावर बोटीचा दिवस कधीही शेवटी ठेवू नका, सुरुवातीला ठेवा, म्हणजे बिनसलं तर पुढे जागा राहते.

मग इम्दिनाला गेलो. तटबंदीच्या आतलं जुनं गाव, वस्ती शेदोनशे, गाड्या जवळजवळ नाहीत. गल्ल्या मुद्दाम वळणाच्या, म्हणून ऊन आणि वारा दोन्ही आत शिरत नाहीत. वन्संना गाव अतिशय आवडलं, मला जरा दुकानाच्या काचेत ठेवल्यासारखं वाटलं. येताना मोस्ताचं घुमटाचं चर्च. 9 एप्रिल 1942 ला भर प्रार्थनेत घुमट फोडून बॉम्ब आत पडला आणि फुटला नाही. तसलाच एक बॉम्ब तिथं ठेवलाय. त्याच्याशेजारी उभं राहून हे म्हणाले, "चार्जरचं काय एवढं घेऊन बसलात!"

सातवा दिवस, मंगळवार

सकाळी बॅगा भरल्या. न वापरलेलं सामान वेगळं काढलं तर ते निम्मं निघालं. चटई, जाड टॉवेल, दोन छत्र्या (वाऱ्यात एक उलटी झाली, दुसरी उघडलीच नाही), माझी जरीची साडी, दोन गोल पिनांचे तीन अ‍ॅडॉप्टर. जे कमी पडलं ते असं: जाकीट, उन्हाचं क्रीम, गुडघ्याचा दुसरा पट्टा आणि डासांचं औषध. डास आहेत, आणि ते डोंबिवलीच्या डासांना लाजवतील.

वन्सं खाली उतरून यंत्रात बाटल्या टाकून आल्या. एकवीस बाटल्या, दोन युरो दहा सेंट. त्यात शेवटच्या मटारच्या पास्तित्सी आल्या, त्या विमानतळावर खाल्ल्या.

वजन जास्त भरलं म्हणून मीठ हातातल्या पिशवीत घ्यावं लागलं. तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी बाजूला काढली गेली. पांढरे स्फटिक, दोन किलो. तरुण अधिकाऱ्यानं वन्संना विचारलं हे काय आहे. "सॉल्ट. गोझो," वन्सं म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "फॉर लोणचं." त्यानं पिशवी उघडली, वास घेतला, आणि आपली आजी त्याच बेटाची असल्याचं सांगत ती पुन्हा नीट बांधून दिली.